मुंगसाचं अनेकवचन आणि जाळलेला शब्दकोश

1961 साली अमेरिकेत ‘वेबस्टर्स थर्ड न्यू इंटरनॅशनल डिक्शनरी’ बाजारात आली आणि तिच्यावरून जो गदारोळ उठला, तेवढा आपल्याकडे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरूनही उठत नाही. संपादक फिलिप गोव्ह यांचा गुन्हा एवढाच होता की, लोक शब्द कसे वापरतात ते त्यांनी नोंदवलं. कसे वापरावेत याचे धडे दिले नाहीत. ‘बोलभाषेतला’ हा शेरा तर त्यांनी सरसकट काढून टाकला. शाळेत ‘इज नॉट’ऐवजीच्या ज्या ‘एन्ट’पायी पोरं छड्या खात, तोही कोशात फारसा खाली मान न घालता बसला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अग्रलेखातून झोडपलं, ‘लाइफ’ साप्ताहिकाने झोडपलं. पुढच्या वर्षी रेक्स स्टाउट यांची ‘गँबिट’ ही रहस्यकथा आली. तिच्या सुरुवातीलाच नीरो वुल्फ हा त्यांचा अगडबंब गुप्तहेर शेकोटीपुढे बसून या कोशाची पानं फाडून जाळताना दिसतो. त्याचा राग मुख्यतः एका जोडीवर होता. ‘इम्प्लाय’ म्हणजे बोलणाऱ्याने सूचित करणं, ‘इन्फर’ म्हणजे ऐकणाऱ्याने अनुमान काढणं. कोशाने हे दोन्ही एकमेकांच्या जागी चालतात असं म्हटलं, आणि वुल्फने काडी लावली.

जाळपोळ कादंबरीतली असली तरी संताप खरा होता. ‘अमेरिकन हेरिटेज’ या प्रकाशनसंस्थेने तर वेबस्टरची मालकी असलेली कंपनीच विकत घेऊन हा कोश मागे घ्यायचा घाट घातला. तो फसला, तेव्हा 1969 मध्ये त्यांनी स्वतःचा कोश काढला. त्यासाठी लेखक, पत्रकार, प्राध्यापक अशा मान्यवरांचं एक पंचमंडळ नेमलं होतं. अमुक शब्दाचा तमुक अर्थ तुम्हाला पटतो का, असं या पंचांना विचारायचं आणि किती टक्के पंच राजी आहेत ते कोशात छापायचं. भाषेचा निकाल मतपेटीतून! गंमत अशी की, हे पंच एकमेकांशी क्वचितच सहमत असत आणि काही वर्षांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले तर आकडे बदललेले असत. 2018 मध्ये हे मंडळ बरखास्त झालं.

इंग्रजी बिघडत चालल्याची तक्रार मात्र त्याहून कितीतरी जुनी. ‘गलिव्हर’चा जनक जोनाथन स्विफ्ट याने 1712 मध्ये अर्ल ऑफ ऑक्सफर्डला जाहीर पत्र लिहून भाषेला वेसण घालणारी अकादमी मागितली. ‘मॉब’ हा शब्द त्याला सहन होत नसे, कारण तो ‘मोबाइल व्हल्गस’ या लॅटिन शब्दांचा मोडका तुकडा होता. आज ‘मॉब’ला कोणी नाक मुरडत नाही. डॉ. सॅम्युअल जॉन्सनही सुरुवातीला भाषेला स्थिर करायच्याच ईर्ष्येने बसले होते. 1755 मध्ये कोश पुरा होईपर्यंत ती ईर्ष्या ओसरली होती. भाषेला मसाला लावून जतन करू पाहणारा कोशकार हसण्याचाच विषय होतो, असं त्यांनी प्रस्तावनेत कबूल केलं. बेंजामिन फ्रँकलिन यांनी 1789 मध्ये नोआ वेबस्टरला लिहिलेल्या पत्रात नव्या बोलण्याची हजेरी घेतली. ‘नोटिस’, ‘ॲडव्होकेट’, ‘प्रोग्रेस’ या नामांची क्रियापदं करतात, हे त्यांना खपत नव्हतं. आता ही क्रियापदं वापरल्याशिवाय इंग्रजी अग्रलेख लिहून दाखवा.

या तक्रारखोरांना एक मोठी अडचण आहे. शब्दाचा मूळ अर्थ तोच खरा असं धरलं, तर बोलताच येणार नाही. ‘नाइस’ हा लॅटिनमधल्या ‘अज्ञानी’ या अर्थाच्या शब्दाचा वंशज. इंग्रजीत आला तेव्हा तो मूर्खाला लावत, मग नको इतक्या चोखंदळ माणसाला, मग काटेकोर भेदाला, आणि अखेर वाटेल त्या चांगल्या गोष्टीला. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’त हेन्री टिल्नी नायिकेला याच शब्दावरून चिडवतो, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीही तो गुळगुळीत झालेलाच होता. ‘सिली’चा प्रवास उलटा. आधी ‘धन्य, सुखी’, मग ‘निष्पाप’, मग ‘बिचारा’, मग ‘बावळट’. ‘मीट’ म्हणजे कुठलंही अन्न होतं, ‘डिअर’ म्हणजे कुठलाही पशू, ‘गर्ल’ म्हणजे मुलगा किंवा मुलगी कोणीही. ‘व्हिलन’ हा तर मूळचा साधा शेतकरी-गावकरी. जमीनदारांच्या तोंडी बसून तो खलनायक झाला.

आणि तरी ‘डेसिमेट’वरून वाद घालणारे संपलेले नाहीत. रोमन सैन्यात पळपुट्या तुकडीला शिक्षा म्हणून चिठ्ठ्या टाकून दर दहांतला एक जण मारत. स्पार्टाकसच्या बंडात क्रॅससने ही जुनी शिक्षा पुन्हा काढली. म्हणून ‘डेसिमेट’ म्हणजे एकदशांश नाश, धुव्वा उडवणं नव्हे, असा यांचा हट्ट. हे लोक डिसेंबरला बारावा महिना कसं म्हणतात, देव जाणे. त्याच्याही पोटात दहाच आहे.

‘लिटरली’वर सध्या सगळ्यात जास्त जीभ चालते. ‘मी लिटरली मेले’ असं जिवंत मुलगी सांगते, तेव्हा वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या चढतात. ऑक्सफर्ड कोशाने हा अतिशयोक्तीचा अर्थ नोंदवल्याचं 2013 मध्ये लोकांच्या लक्षात आलं आणि बातम्यांचा पूर आला. कोशाने ती नोंद दोन वर्षं आधीच केली होती, तेव्हा कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. मार्क ट्वेनने ‘टॉम सॉयर’मध्ये, 1876 मध्ये, टॉमच्या अचानक श्रीमंतीचं वर्णन करताना हाच शब्द याच अर्थाने वापरला आहे. आणि आपण कोणत्या तोंडाने हसायचं? ‘त्याने मुलांसाठी अक्षरशः रक्ताचं पाणी केलं’ हे वाक्य मराठीत रोज लिहिलं जातं, आणि त्या रक्ताची तपासणी कोणी मागत नाही. जोर द्यायचे शब्द वापरून वापरून बोथट होतात आणि नवे आणावे लागतात. ‘ऑफुल’, ‘टेरिफिक’, ‘ऑसम’ हे तिन्ही एकेकाळी थरकापाचे शब्द होते. आता एक वाईटाला, एक उत्तमाला आणि एक पिझ्झ्याला लावतात.

म्हणजे सगळंच चालतं का? इथे माझा उदारमतवाद्यांशीही वाद आहे. बदल होतोच, हे खरं. पण प्रत्येक बदलाची किंमत सारखी नसते. ‘होपफुली’चा ‘आशा आहे की’ हा अर्थ रूढ झाल्याने कोणाचं काही बिघडलं नाही; असोसिएटेड प्रेसनेही 2012 मध्ये तो मान्य केला. मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘फ्यूअर’ आणि न मोजता येणाऱ्यांना ‘लेस’ हा नियमही असाच हलका. रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थांनी 1770 मध्ये स्वतःची आवड म्हणून तो सुचवला आणि पुढच्या मास्तरांनी त्याचा कायदा केला. 2008 मध्ये टेस्को या ब्रिटिश दुकानसाखळीने जलद रांगेवरच्या पाटीतला ‘लेस’ काढून शब्दरचनाच बदलली, तेव्हा व्याकरणप्रेमींनी समाधानाचा सुस्कारा सोडला. रांग होती तेवढीच राहिली.

‘इन्फ्लेमेबल’ची गोष्ट वेगळी. लॅटिन ‘इन्फ्लामारे’ म्हणजे पेटवणं, त्यावरून इन्फ्लेमेबल म्हणजे पेट घेणारं. पण इंग्रजीत ‘इन’ हा उपसर्ग बहुतेक वेळा नकार दाखवतो, त्यामुळे सामान्य माणूस याचा अर्थ ‘न पेटणारं’ असा लावू शकतो. डब्यावर हा शब्द वाचून कोणी निर्धास्तपणे काडी ओढली तर तिथे व्युत्पत्ती उपयोगी पडत नाही. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षावाल्यांनी 1920 च्या दशकातच हे ओळखलं आणि ‘फ्लेमेबल’ हा सुटसुटीत शब्द पुढे केला. पंडितांनी नाकं मुरडली, पण तोच शहाणपणाचा निर्णय होता. आपल्या महामार्गांवर अजूनही कित्येक टँकरच्या पाठीवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ असं ठळक रंगवलेलं दिसतं.

एक अक्षर बदललं की काय होतं, हे मराठी माणसाला सांगायला नको. ‘ध’चा ‘मा’ ही आख्यायिका असेल, पण शनिवारवाड्यातला खून खरा आहे.

दुसऱ्या महायुद्धात एकाच भाषेच्या दोन देशांत असाच घोटाळा झाला. एक विषय तातडीने चर्चेला घ्यावा असं ब्रिटिश अधिकाऱ्यांना वाटत होतं, म्हणून तो ‘टेबल’ करू असं ते म्हणाले. अमेरिकनांच्या भाषेत ‘टेबल’ करणं म्हणजे बाजूला ठेवणं. दोघांनाही तेच हवं असताना बराच वेळ कडाक्याचं भांडण झालं, आणि चर्चिल यांनी ते आपल्या युद्धस्मृतींमध्ये नोंदवून ठेवलं. ‘बिलियन’चंही तेच. ब्रिटनमध्ये तो एकावर बारा शून्यं होता, अमेरिकेत नऊ. 1974 मध्ये पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी सरकारी आकडेवारी अमेरिकन पद्धतीने दिली जाईल असं जाहीर केलं, तेव्हा ही हजारपटीची तफावत सरकारी कागदांपुरती तरी मिटली. जुनी इंग्रजी पुस्तकं चाळणाऱ्यांनी ही शून्यं अजूनही मोजून घ्यावीत.

निरुपद्रवी आणि धोकादायक यांच्या मधली शब्दांची एक अवघड जात आहे. ब्रायन गार्नर या अमेरिकन कोशकाराने तिला ‘स्कंक्ड’ शब्द म्हटलंय, म्हणजे ज्यांना आता वास मारतो असे. जुन्या अर्थाने वापरला तर निम्म्यांना कळत नाही, नव्या अर्थाने वापरला तर उरलेले निम्मे दात-ओठ खातात. ‘नॉनप्लस्ड’ म्हणजे गोंधळून गेलेला. अमेरिकेत आता बरेच जण तो ‘अजिबात विचलित न झालेला’ या उलट अर्थाने वापरतात. ‘एनॉर्मिटी’ म्हणजे घोर दुष्कृत्य असा शुद्धतावाद्यांचा आग्रह. बराक ओबामांनी 2008 च्या विजयसभेत पुढच्या कामाच्या प्रचंडपणासाठी तो वापरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, भाषारक्षकांनी कपाळ बडवलं. ‘डिसइंटरेस्टेड’ची कथा सगळ्यात मजेशीर. या शब्दाचा ‘निःपक्षपाती’ हा अर्थ जपायला पाहिजे असं मलाही वाटतं, कारण न्यायाधीश निःपक्षपाती हवा, कंटाळलेला नको. पण सतराव्या शतकातली टिपणं पाहिली तर कवी जॉन डन याने तो ‘रस नसलेला’ अशाच अर्थाने वापरलाय, आणि ‘अनइंटरेस्टेड’ तेव्हा निःपक्षपाती होता. दोघांनी मधल्या काळात घरं बदलली. तरी माझं मत कायम आहे. हा भेद जुना आहे म्हणून जपायचा नाही, कामाचा आहे म्हणून जपायचा.

ऐकण्यातल्या चुकांतून तयार होणारे शब्द हा तर खजिनाच आहे. शेरिडनच्या ‘द रायव्हल्स’ या 1775 च्या नाटकातली मिसेस मॅलाप्रॉप भारदस्त शब्द नेमके चुकीच्या जागी ठेवते, म्हणून तो दोषच तिच्या नावाने ओळखला जातो. चुकून ऐकलेल्या शब्दाला तर्काने नवा अर्थ देण्याच्या प्रकाराला भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी 2003 मध्ये ‘एगकॉर्न’ हे नाव सुचवलं, कारण कोणीतरी ‘एकॉर्न’ला एगकॉर्न म्हणत होतं. अल्झायमरला ‘ओल्डटायमर्स डिसीज’ म्हणणारेही याच पंथाचे. हसू नका, ‘एप्रन’ हा मुळात ‘नॅपरन’ होता, त्याचा ‘न’ मागच्या ‘अ’ने गिळला. ‘ब्राइडग्रूम’मधला घोडेवाला ‘ग्रूम’ हाही चुकूनच लग्नात शिरला. तिथे ‘गुमा’ म्हणजे पुरुष होता, आणि तो शब्द लोक विसरून गेले.

याच वाटेवर आपला मुंगूस भेटतो. बहुधा पोर्तुगीजांमार्फत मराठीतला मुंगूस इंग्रजीत गेला, आणि इंग्रजांनी त्याचं स्पेलिंग केलं ‘मंगूस’, शेवटी ‘गूस’ म्हणजे हंस! बिचाऱ्याचा हंसाशी काडीचा संबंध नाही. तरी अनेकवचन ‘मंगूसेस’ करायचं की ‘गीस’च्या चालीवर ‘मंगीस’, हा प्रश्न इंग्रजांना पडतो, आणि काही कोश तो दुसरा पर्यायही नोंदवतात. कोकणातल्या कुठल्याही पोराला विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

‘जिमखाना’ तर आणखी लांब गेला. गेंदखाना आणि जिम्नॅस्टिक्स यांच्या सरमिसळीतून भारतात घडलेला हा शब्द मुंबईकराला 1875 च्या बॉम्बे जिमखान्याची आठवण करून देतो, जिथे 1933 मध्ये भारताच्या भूमीवरचा पहिला कसोटी सामना झाला. इंग्लंडमध्ये मात्र जिमखाना म्हणजे तट्टांवर बसलेल्या शाळकरी मुलांच्या शर्यती, आणि मोटारवाल्यांच्या जगात रबरी शंकूंमधून गाडी वळवायची कसरत. पुरीचा जगन्नाथ ब्रिटनच्या रस्त्यांवर ‘जगरनॉट’ म्हणजे अजस्र मालट्रक झाला. आपण कधी लंडनला निषेधपत्र पाठवलं नाही. मग ‘हॉटेल’मध्ये जाऊन मिसळ खाल्ली, तर आपणच अपराधी का?

खरं दुखणं इथे आहे. इंग्रज त्याच्या भाषेला वाटेल तशी वाकवतो, आणि आपण शब्द उच्चारण्याआधी घाबरून मागे पाहतो. ‘आउट ऑफ स्टेशन’ ईस्ट इंडिया कंपनीच्या छावण्यांमधून आलं. ‘डू द नीडफुल’ ही जुनी अस्सल ब्रिटिश कचेरीभाषा. त्यांनी टाकली, आपण सांभाळली. ‘पास आउट’वरून हसणाऱ्याने लष्करी अकादमीतली पासिंग आउट परेड आठवावी. ‘प्रीपोन’ तर ‘पोस्टपोन’ची सरळ, तर्कशुद्ध जोडी आहे. 1913 मध्येच ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या एका वाचकाने तो शब्द पत्रातून सुचवला होता, तिकडे तो रुजला नाही, इकडे प्रत्येक मिटिंग त्यावर पुढेमागे होते. याउलट, बाईच्या छळाला ‘ईव्ह टीझिंग’ म्हणणं हा मात्र आपला खरा भाषिक गुन्हा आहे, कारण त्या शब्दाने गुन्ह्याचा खोडकरपणा केला. त्यावर कोणत्याही ‘कॉमन एरर्स’च्या पुस्तकात बोट ठेवलेलं मी पाहिलेलं नाही.

म्हणून इंग्रजीच्या शिक्षकांना आणि ती पुस्तकं काढणाऱ्यांना एक विनंती. चुकांच्या यादीतून ‘प्रीपोन’ आणि ‘आउट ऑफ स्टेशन’ खोडा. त्या जागी ‘ईव्ह टीझिंग’ घाला, ‘बिलियन’ घाला, आणि सगळ्यात वर, टँकरवरचा ‘इन्फ्लेमेबल’.