किल्ली कुणाच्या कनवटीला?

लेखांक सातवा

कोथरूडपासून सहकारनगरपर्यंत पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांमध्ये सध्या पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. ही बोलणी जेवढी सभेत होतात तेवढीच एका ऑनलाइन तक्त्यात होतात. त्या तक्त्यात प्रत्येक सभासदाचं नाव, फ्लॅटचा कार्पेट एरिया, शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक, पॅन, आधार, इंडेक्स टूची प्रत असं सगळं असतं, आणि कुणाच्या फ्लॅटवर किती कर्ज बाकी आहे तेही. दुसऱ्या पानावर बिल्डरांच्या प्रस्तावांची तुलना असते: जादा चौरस फूट किती, घरभाडं किती, कॉर्पस किती. 'लिंक असेल त्याला पाहता येईल' ही सोय चालू करून दुवा व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकला जातो. तिथून तो वकिलांकडे, सल्लागाराकडे, परदेशातल्या मुलाकडे जातो. शेवटी तो कुणाकुणाकडे पोचला हे कुणालाच सांगता येत नाही.

पासवर्डची चर्चा आपण गेल्या आठवड्यात केली. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. दहा जणांनी मिळून लिहायचे कागद अशा जागी ठेवता येतील का, की जो ते सांभाळतो त्यालाही ते वाचता येऊ नयेत? ठेवता येतात. ते कसं, आणि त्यासाठी काय मोजावं लागतं, ते पाहू.

आधी एक गैरसमज दूर करू. क्लाउड म्हणजे कुठेतरी परदेशात, म्हणून धोका, असं अनेकांना वाटतं. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात आपली डेटा केंद्रं सुरू केली, त्यांपैकी 'सेंट्रल इंडिया' हा विभाग पुण्यातच आहे. म्हणजे एखाद्या पुणेकराची फाइल याच शहरातल्या एखाद्या इमारतीत असू शकते. पण जवळ असल्याने ती खासगी होत नाही. बहुतेक मोठ्या सेवांमध्ये फाइल आपल्या संगणकाकडून केंद्राकडे जाताना कूटबद्ध असते आणि तिथल्या डिस्कवरही कूटबद्ध असते. वाटेतल्या चोराला आणि डिस्क पळवणाऱ्याला त्यामुळे काही मिळत नाही, हा मोठाच लाभ आहे. मात्र दोन्ही कुलपांच्या किल्ल्या कंपनीकडे असतात. म्हणूनच फाइलमधला शब्द शोधून देणं, शुद्धलेखन तपासणं, पासवर्ड विसरलात तर नवा देणं तिला जमतं. त्याच किल्लीने कंपनीचा अधिकार असलेला कर्मचारी, तिच्या यंत्रणेत शिरलेला घुसखोर किंवा कायदेशीर आदेश घेऊन आलेली सरकारी यंत्रणा तोच कागद उघडू शकते.

कागद एकाकडे आणि किल्ली दुसऱ्याकडे ही व्यवस्था मराठीला नवी नाही. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ऋद्धिपूरला 'लीळाचरित्र' सिद्ध केलं, तेच मुळी अनेकांच्या हातांचं काम होतं. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या सहवासात राहिलेल्या माणसांकडे जाऊन म्हाइंभटांनी आठवणी मिळवल्या आणि त्या नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. पुढे धाडीत मूळ पोथी गेली आणि ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा लिहिला गेला, असं परंपरा सांगते. एकाच ग्रंथाचे निरनिराळे पाठ झाले ते त्यामुळे. त्यानंतर पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. सकळ लिपीत देवनागरीच्या एका अक्षराऐवजी ठरलेलं दुसरं अक्षर किंवा चिन्ह येतं. पोथी कुणाच्याही हाती पडली तरी ठरलेला कोठा ठाऊक असल्याशिवाय ती वाचता येत नसे. हा कोठा पंथातल्या जाणत्यांकडे राहिला, आणि मराठीतलं आद्य गद्य शतकानुशतकं बाहेरच्यांना मुकं राहिलं. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी या लिपीची उकल केली. पुण्यातलं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० मध्ये ज्यांच्या पुढाकाराने उभं राहिलं, तेच हे राजवाडे.

मला या इतिहासाचं मोल वाटतं, कारण आजच्या तंत्राचे दोन्ही धडे त्यात आहेत. पोथीचं संरक्षण भिंतीने केलं नाही, किल्लीने केलं. आणि ज्यांच्याकडे किल्ली नव्हती, त्यांच्यात आपलेही लोक होते.

फरक आहे तो ताकदीचा. अक्षरामागे अक्षर बदलणारी लिपी जाणकाराला उलगडता येते, कारण भाषेत कोणतं अक्षर किती वेळा येतं याचा माग लपत नाही. आजच्या पद्धतींत २५६ बिटांची किल्ली वापरतात. ती एकेक करून शोधायची म्हटलं तर जगातले सगळे संगणक जुंपूनही भागणार नाही.

आता एकत्र लिहिण्याचं पाहू. इथे खरी अडचण आहे. सेक्रेटरी एका ओळीत आकडा बदलत असतात, त्याच क्षणी खजिनदार खालची ओळ खोडत असतात. दोन्ही बदल जुळवून सर्वांना एकच कागद दाखवायचा, हे काम एरवी मधला सर्व्हर करतो, आणि त्यासाठी त्याला कागद वाचावा लागतो. एक्सविकी या फ्रेंच कंपनीच्या 'क्रिप्टपॅड'ने हे काम सर्व्हरकडून काढून लिहिणाऱ्यांच्या ब्राउझरकडे दिलं. तुमचा ब्राउझर प्रत्येक छोटा बदल कूटबद्ध करून पाठवतो. सर्व्हर ती पाकिटं न उघडता क्रमाने लावून ठेवतो आणि इतरांना पोचवतो. त्यांचे ब्राउझर ती उघडून बदल जुळवतात.

किल्ली सर्वांकडे कशी जाते? ही युक्ती साधी आणि सुंदर आहे. दुव्यात '#' हे चिन्ह आलं की त्यानंतरचा भाग ब्राउझर स्वतःपाशी ठेवतो, सर्व्हरला पाठवत नाही. वेबचा तो जुनाच नियम आहे. क्रिप्टपॅड किल्ली त्या भागात ठेवतो. म्हणून ज्याला पूर्ण दुवा मिळाला त्याला कागद उघडतो, आणि सर्व्हरकडे राहतो तो न वाचता येणारा गठ्ठा. केवळ वाचण्याचा दुवा वेगळा, लिहिण्याचा वेगळा. सोसायटीला लागतो तसा तक्ताही तिथे आहे. या प्रणालीचा कोड सर्वांसाठी खुला आहे, त्यामुळे एखाद्या संस्थेला ती आपल्या सर्व्हरवरही बसवता येते. स्वित्झर्लंडच्या प्रोटॉननेही जुलै २०२४ मध्ये अशाच तत्त्वावर एकत्र लिहिण्याची सोय आणली.

इथे एक मत नोंदवतो. बिल्डरांच्या प्रस्तावांची तुलना सर्व सभासदांना दिसलीच पाहिजे. ती कमिटीपुरती कुलुपात ठेवणं हा गुप्ततेचा दुरुपयोग होईल. आधार, पॅन आणि कर्जाचे आकडे मात्र वेगळ्या कागदात, मोजक्या हातांत असावेत. हे दोन्ही एकाच तक्त्यात आले की एकतर सभासदांपासून माहिती लपते, नाहीतर सभासदांची माहिती जगाला दिसते.

या कुलपालाही मर्यादा आहेत. तुम्ही काय लिहिलंत हे सर्व्हरला कळत नाही, पण कधी लिहिलंत, कोणत्या जोडणीवरून आणि फाइल किती मोठी, हे कळू शकतं. वेबवरची सेवा आपला प्रोग्राम दर वेळी नव्याने पाठवते, म्हणून तो प्रोग्राम प्रामाणिक आहे यावर विश्वास ठेवावाच लागतो. फक्त टोकाच्या माणसांनाच कागद वाचता येतो, असं सांगणारी 'एंड-टू-एंड' ही पाटी पाहून निर्धास्त होऊ नये. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये सिंक, पीक्लाउड, आइसड्राइव्ह, सीफाइल आणि ट्रेझोरिट या पाच सेवा तपासल्या, आणि बहुतेकांत गंभीर उणिवा सापडल्या. ट्रेझोरिट त्यातल्या त्यात बरी निघाली.

सर्वांत मोठी मर्यादा आपल्या टेबलावर असते. जो कागद मला वाचता येतो, तो माझ्या संगणकात शिरलेल्यालाही वाचता येतो. पुण्याच्या विश्रामबाग पोलीस ठाण्यात जानेवारी २०१८ मध्ये नोंदवलेल्या एल्गार परिषद प्रकरणात हा मुद्दा जगभर चर्चेला आला. बचाव पक्षाच्या वतीने अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने या प्रकरणातले एक आरोपी रोना विल्सन यांच्या संगणकाची प्रत तपासली. कुणीतरी 'नेटवायर' या घातक प्रोग्रामच्या मदतीने २२ महिने त्या संगणकात ये-जा केली आणि त्यात कागदपत्रं पेरली, असा निष्कर्ष तिने फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात मांडला. राष्ट्रीय तपास यंत्रणेने तो मान्य केलेला नाही, आणि त्यातलं खरं-खोटं ठरवणं न्यायालयाचं काम आहे. आपल्या विषयापुरतं एवढं स्पष्ट आहे की संगणकच दुसऱ्याच्या ताब्यात गेला तर क्लाउडचं कितीही चांगलं कुलूप उपयोगी पडत नाही.

कायद्याचंही सांगायला हवं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९व्या कलमाखाली सरकार कूटबद्ध माहिती उलगडून मागू शकतं, आणि नकार दिल्यास सात वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे. कंपनीकडे किल्लीच नसेल तर तिच्याकडून बंद गठ्ठा मिळेल. पण हा आदेश किल्ली बाळगणाऱ्या व्यक्तीलाही देता येतो. या तंत्राने माणूस कायद्याबाहेर जात नाही. त्याचे कागद त्याच्या नकळत उघडले जाणं मात्र अवघड होतं, आणि लोकशाहीत हे रक्षण मला आवश्यक वाटतं.

राहिला प्रश्न किल्ली हरवण्याचा. क्रिप्टपॅडचा पासवर्ड विसरलात तर कंपनी तो बदलून देऊ शकत नाही. खातं न उघडता केलेला कागद त्यांच्या मुख्य सर्व्हरवर ९० दिवस कुणी उघडला नाही तर काढून टाकला जातो. म्हणून घरातल्या कागदांसाठी खातं उघडावं, पासवर्ड कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये मृत्युपत्राच्या प्रतीबरोबर ठेवावा आणि तो कुठे आहे हे घरातल्या एकाला तरी सांगावं. महत्त्वाच्या फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर निराळी असावी. आईवडील पुण्यात आणि मुलं परदेशात अशा घरांत तर हे आजच करावं, कारण नंतर ती किल्ली कोणत्याच कंपनीकडून मिळणार नाही.

सोसायटीत कमिटीची मुदत पाच वर्षांची. दुव्यातली किल्ली एकदा दिली की परत घेता येत नाही. जुन्या पदाधिकाऱ्यांच्या ब्राउझरमध्ये ती राहते. तेव्हा नव्या कमिटीने पदभार घेताना तक्ता नव्या कागदात उतरवून घ्यावा, जुना पुसावा आणि नवा दुवा कुणाकुणाला दिला याची नोंद इतिवृत्तात करावी.

पुढच्या आठवड्यात फोनच्या बॅकअपकडे वळू. व्हॉट्सअ‍ॅपने २०२१ मध्ये बॅकअपलाही असं कुलूप देऊ केलं, पण ते आपणहून लागत नाही. वापरणाऱ्याला सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावं लागतं.