अभ्यासक नेमायचा, पण कुठल्या कामाला?

मंडळी, पूर्ण्यात बोलतोय, तर उदाहरण जवळचंच घेऊ. भिवंडी ग्रामीण विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. भिवंडी पूर्व आणि पश्चिम खुले. राज्यातल्या २८८ जागांपैकी २९ अनुसूचित जातींसाठी, २५ जमातींसाठी.

आता विधिमंडळातल्या अस्मितेच्या राजकारणावर अभ्यासक नेमायचा, तर त्याला काम काय द्याल? आडनावं मोजायचं? त्यातून सभागृहात कोण बसलं ते कळतं. कोण कुणासाठी उठलं, ते कळत नाही.

१९२३ चं पाहा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडला. ते भंडारी समाजाचे. नुसती जात मोजणाऱ्याच्या तक्त्यात हे कुठे बसणार? आणि ठराव झाला, तरी महाडच्या तळ्यावर १९२७ मध्ये बाबासाहेबांना सत्याग्रह करावाच लागला.

म्हणून मुलाखतीत दोनच गोष्टी विचारा. सभागृहाचं कामकाज, तारांकित प्रश्न, लक्षवेधी, मुळातून वाचाल का? आणि मंत्र्यांच्या उत्तराचं पुढे काय झालं, ते पाड्यावर जाऊन विचाराल का? दोन्हींना ‘हो’ म्हणणाऱ्यालाच नेमा.