जुनी गाडी की नवी?

पौष अमावास्येस आदिलाबाद जिल्ह्यातील केसलापूर येथे नागोबाची जत्रा भरते. मेश्राम कुळातील गोंड मंडळी गोदावरीचे जल आणण्यासाठी मंचेरियल भागातील हस्तिनमडुगू येथे पायी जातात. जत्रेस कुटुंबे बैलगाड्यांतून येतात व वडाखाली मुक्काम करतात. गाडी हेच त्यांचे फिरते घर.

अशी गाडी जुनी झाली म्हणजे ती दुरुस्त करावी की नवी बांधावी? याचे उत्तर साट्यात नसून चाकात असते. धाव सैल झाली, एवढ्याने चाक निकामी ठरत नाही. उन्हाळ्यात लाकूड आकसतेच. धाव आखूड करून, तापवून चढविली व वर पाणी ओतले, की लोखंड आकसून आरे घट्ट आवळते. मोडका आराही बदलता येतो. तुंबा मात्र चिरला किंवा वाळवीने पोखरला, तर सर्व आऱ्यांचा आधारच गेला. तेथे डागडुजीचा खर्च व्यर्थ होय.

नव्या गाडीस मुरलेले लाकूड हवे. ओले लाकूड वाळताना सांधे सोडते. म्हणून जत्रा तोंडावर आली असता, तुंबा शाबूत असेल तर जुनीच गाडी सावरावी. तो गेला असेल, तर मुलाबाळांसह रानात अडकून पडण्यापेक्षा त्या वर्षी शेजाऱ्याच्या गाडीत जागा मागण्यात कमीपणा नाही.