देवाच्या माणसाची रजा

बँकेत रजेचे दोन उपयोग मी पाहिले. पहिला, ती साठवून ठेवायची आणि निवृत्तीच्या वेळी तिचे पैसे घ्यायचे. दुसरा तपासणीचा. संवेदनशील जागेवरच्या कर्मचाऱ्याने वर्षातून एकदा सलग किमान १० कामाचे दिवस, तेही बँक अचानक सांगेल तेव्हा, रजेवर जायलाच हवे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२१चा दंडक आहे. माणूस खुर्चीवरून उठला की खुर्चीखालचे दिसते! विश्रांती हा रजेचा तिसरा उपयोग. तो आपल्याला सगळ्यांत शेवटी आठवतो.

पाश्चात्त्य देशांतल्या अनेक ख्रिस्ती मंडळ्या मात्र आपल्या पाद्र्याला काही वर्षांच्या सेवेनंतर काही महिन्यांची रजा देतात. तिला ‘सबॅटिकल’ म्हणतात. शब्दाचे मूळ हिब्रू ‘शब्बाथ’मध्ये. सहा वर्षे पेरावे आणि सातव्या वर्षी रान पड ठेवावे, अशी आज्ञा बायबलच्या लेवीय या पुस्तकात आहे. आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. अमेरिकेतली ‘लिली एन्डाउमेंट’ ही संस्था अशा रजेसाठी मंडळ्यांना अनुदान देते आणि त्यात मागे राहून काम सांभाळणाऱ्याचा खर्चही धरते.

आपल्याकडे हे ऐकले की प्रश्न येतो, देवाच्या कामाला कसली सुट्टी? पण पाद्री असो की कीर्तनकार महाराज, त्याचा दिवस आठवून पाहा. रात्री मयताच्या घरी बसायचे, सकाळी लग्नात हसायचे, दुपारी दवाखान्यात कुणाच्या उशाशी जायचे. सगळ्यांचे ऐकायचे आणि आपले कुणाजवळ बोलायचे नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

याचे उत्तर आपल्याच मातीत आहे. १९९९ साली परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीकाठी नर्सी आहे. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून ते पूजले जाते. याच जिल्ह्यात औंढा नागनाथ. नामदेव विठ्ठलाचे लाडके, कीर्तनात रंगणारे. तरी गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची डोकी तपासली, तेव्हा हे मडके कच्चे निघाले, अशी कथा आहे. मग प्रत्यक्ष विठ्ठलानेच त्यांना औंढ्याला विसोबा खेचरांकडे धाडले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी हटकले, तर म्हणाले, देव नसेल तिथे माझे पाय ठेव. पाय जिथे ठेवावेत तिथे पिंड!

या कथेत गुरूचे माहात्म्य आहेच. मला मात्र त्यात एक रजा दिसते. हजारोंना सांगणारा माणूस पंढरपूर सोडून एकट्या म्हाताऱ्याच्या पायाशी ऐकायला बसला. देव देवळापुरता नाही, हे उमगून तो परतला. पुढे त्याने पंजाबात घुमानपर्यंत मजल मारली. त्याची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. रजेने काम थांबले नाही, त्याचा पल्ला वाढला.

रजा मंजूर करणे मात्र एकट्या पाद्र्याच्या हाती नसते. मागची उपासना कोण चालवणार, आजाऱ्यांना कोण भेटणार आणि त्याच्या घरचा पगार चालू राहणार का, हे मंडळीने आधी ठरवावे लागते. ते ठरले नाही, तर रजेवरच्या माणसाचा फोन पहिल्याच रविवारी वाजू लागतो. तुमच्या गावातला देवाचा माणूस ‘महिनाभर जाऊन येतो’ म्हणाला, तर ‘का?’ असे विचारू नका. ‘तुमची कोणती कामे आम्ही वाटून घ्यायची?’ असे विचारा. आणि हो, घरात वर्षानुवर्षे सगळ्यांचे ऐकणारी जी बाई असते, तिलाही हाच प्रश्न एकदा विचारायला हरकत नाही.