सायकलचे हँडल कसे असावे?

शाळा सुटते तेव्हा सायकल स्टँडजवळ थोडा वेळ उभे राहून पाहा. एखादा विद्यार्थी हँडलवर इतका ओणवा झालेला असतो की समोरचे पाहण्यासाठी त्याला मान ताणावी लागते. एखाद्या लहान मुलीचे हात पार खांद्याच्या उंचीला गेलेले असतात. एखादा थोड्या थोड्या वेळाने एकेक हात सोडून झटकत असतो. सायकल घेताना आपण रंग, कंपनी आणि किंमत पाहतो. हँडल मात्र दुकानातून जसे आले तसेच वर्षानुवर्षे राहते. आसपासच्या खेड्यांतून रोज सौंसरला सायकलने येणाऱ्या मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी या हँडलकडे एकदा नीट पाहावे, यासाठी हा लेख.

हँडलचे काम फक्त वळण घेण्याचे नाही. १८१७ साली जर्मनीत कार्ल ड्राइस यांनी पायाने ढकलायची दुचाकी बनवली. तिला पेडल नव्हते, पण पुढचे चाक वळवण्याची सोय होती. दोन चाकांवर तोल राहतो तो यामुळेच. सायकल डावीकडे कलली की आपण नकळत हँडल किंचित डावीकडे वळवतो आणि ती सावरते. ब्रेकही हँडलवरच असतात. म्हणून हात अवघडले की तोल आणि ब्रेक दोन्ही कच्चे पडतात. छिंदवाडा-नागपूर रस्त्यावर शेजारून ट्रक जात असताना हे परवडणारे नाही.

हात का बधिर होतात, हेही समजून घेऊ. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने एक मज्जातंतू जातो. शरीराचा भार तळहातावर पडून तो बराच वेळ दाबला गेला की करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. मनगट मागे वाकलेले असेल तर त्रास वाढतो. मनगट सरळ, कोपर किंचित वाकलेले आणि खांदे सैल राहतील, ते हँडल आपल्यासाठी योग्य.

हँडलचे तीन प्रकार

पहिला प्रकार जुन्या काळ्या सायकलीचा आणि बहुतेक लेडीज सायकलींचा. यात हँडलची दोन्ही टोके चालवणाऱ्याकडे मागे वळलेली असतात. पाठ ताठ राहते, मनगट सरळ राहते आणि रस्ता चांगला दिसतो. शाळा, बाजार, शेत अशा रोजच्या जाण्यायेण्याला हेच हँडल सोयीचे. समोरून वारा असेल किंवा चढ असेल, तर मात्र जोर थोडा जास्त लागतो.

दुसरा प्रकार सरळ दांड्याचा. गिअरच्या आणि जाड टायरच्या सायकलींना तो असतो. खडबडीत रस्त्यावर पकड चांगली मिळते. पण हात एकाच जागी राहतात आणि भार तळहातावर येतो. लांब जायचे असेल तर हे जाणवते.

तिसरा प्रकार शर्यतीच्या सायकलीचा, खाली वळलेला. यात हात ठेवायला तीन-चार जागा मिळतात आणि लांबच्या प्रवासात हात बदलत राहणे हाच खरा आराम असतो. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. एवढ्या अंतरात शरीर एकाच स्थितीत ठेवून चालत नाही. शाळकरी मुलांना मात्र या हँडलची गरज नाही. त्यात फार वाकावे लागते आणि लहान हाताला ब्रेक लांब पडतो.

फॅशन म्हणून काळ्या सायकलीला सरळ हँडल लावण्याआधी विचार करा. तिच्या ब्रेकच्या सळया हँडललाच जोडलेल्या असतात. हँडल बदलले तर ब्रेकची सगळी व्यवस्था बदलावी लागते.

आधी बसवून पाहा

बहुतेक वेळा नवे हँडल घ्यावेच लागत नाही. सरकारी योजनेत किंवा मोठ्या भावंडाकडून मिळालेली सायकल ठरावीक मापाची असते; मुलांची उंची मात्र वेगवेगळी, आणि ती दरवर्षी वाढते. आधी सीटची उंची ठरवा. मग हँडल सीटच्या बरोबरीला किंवा एक-दोन इंच वर आणा. हँडल लांब पडते म्हणून सीट फार पुढे ओढू नका. त्याने गुडघ्यांना त्रास होतो.

जुन्या पद्धतीच्या सायकलीत हँडलच्या दांड्यावरचा मधला बोल्ट दोन-तीन फेरे सैल करून, त्यावर लाकूड ठेवून हातोडीने हलकेच ठोकले की आतली पकड सुटते. दांड्यावर कमाल उंचीची खूण असते, तिच्यावर दांडा काढू नये. खूण पुसली असेल तर निदान अडीच इंच दांडा आत राहिलाच पाहिजे, नाहीतर तो चालत्या सायकलीत निघून येऊ शकतो. बोल्ट आवळल्यावर पुढचे चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल वळवून पाहा. ते हलता कामा नये. सळईचे ब्रेक असतील तर हँडल वर-खाली केल्याने पुढच्या ब्रेकची सळई ताणते किंवा सैल पडते, तीही नीट करून घ्या. हाताला सवय नसेल तर हे काम मिस्त्रीकडूनच करून घ्यावे.

दोन धोके

पहिला धोका फाटलेल्या मुठीचा. रबरी मूठ फाटून लोखंडी नळीचे टोक उघडे पडते. मूल पडले आणि ते टोक पोटात लागले, तर वरून छोटासा वळ दिसतो, पण आत यकृत, प्लीहा किंवा स्वादुपिंडाला इजा झालेली असू शकते. असे पडल्यावर पोट दुखत असेल किंवा उलटी होत असेल तर उद्यावर न टाकता डॉक्टरांकडे न्यावे. घरी रागावतील म्हणून मुलांनी हे लपवू नये. नव्या मुठींना फार पैसे लागत नाहीत.

दुसरा धोका हँडलला लटकवलेल्या पिशवीचा. पाण्याची बाटली किंवा डब्याची पिशवी झुलते, तोल बिघडवते, आणि तिचा बंद चाकात गेला तर सायकल जागीच उलटते. ओझे मागे कॅरियरवर बांधावे.

विश्वस्त मंडळाला एक विनंती. सायकल स्टँडजवळ हवा भरण्याचा पंप, चार पाने आणि मुठींचे काही जोड ठेवावेत आणि सत्राच्या सुरुवातीला एक दिवस मिस्त्रीला बोलवावे. खर्च थोडा आहे. विद्यार्थी मित्रांनो, तोवर उद्या सकाळी निघण्यापूर्वी आपल्या हँडलच्या दोन्ही मुठी हाताने चाचपून पाहा.