घरबसल्या चित्रपट : वर्गणी कोणाकोणाला द्यावी?

वर्गणी हा शब्द मराठी माणसाला परका नाही. गणपतीची वर्गणी, ग्रंथालयाची वर्गणी, साप्ताहिकाची वर्गणी, झालेच तर इमारतीच्या रंगरंगोटीची वर्गणी. एवढ्या वर्गण्या देऊनही आपण टिकून आहोत. परंतु गेल्या दहा वर्षांत या यादीत जी भर पडली आहे ती निराळ्या जातीची आहे. गणपतीची वर्गणी मागायला मंडळी दारात येतात. त्यांच्याशी घासाघीस करता येते, 'पुढच्या आठवड्यात या' असेही सांगता येते. चित्रपटांची ही नवी वर्गणी मागायला कोणीच येत नाही. ती आपली आपण खात्यातून निघून जाते.

आमच्या महाविद्यालयात प्राध्यापकांच्या खोलीत हल्ली वेतन आयोगाच्या खालोखाल याच विषयावर चर्चा होते. 'तुम्ही कोणते घेतले आहे?' असा प्रश्न एकाने टाकला की प्रत्येक जण आपापल्या वर्गणीची तरफदारी करू लागतो. ज्याने पैसे भरले आहेत तो निंदा कशी करणार? रसायनशास्त्राचे एक स्नेही तर रकाने पाडून तक्ताच घेऊन आले : दर किती, चित्र किती स्पष्ट, एका वेळी किती पडदे, जाहिराती आहेत की नाहीत. तक्ता निर्दोष होता. फक्त तो पाहून कोणते घ्यावे हे कोणालाच सांगता येईना.

मी मराठीचा माणूस. आकड्यांशी माझे सख्य बेताचेच. पण घरात आई, सौ., महाविद्यालयात जाणारी कन्या आणि आठवीतले चिरंजीव असा पाच माणसांचा संसार असल्यामुळे तोच तक्ता मला घराच्या बाजूने मांडून पाहावा लागला. त्यातून जे हाती आले ते येथे देतो. दर मी २०२५ सालचे धरले आहेत. ते भाजीच्या दरांसारखे हलत असतात, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी वाचकांनी पुन्हा एकदा पाहून घ्यावेत.

या मंडळींत सर्वांत दिमाखदार नेटफ्लिक्स. २०१६ च्या जानेवारीत ते भारतात आले तेव्हा त्याचे दर ऐकून मध्यमवर्गाने दुरूनच नमस्कार केला होता. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी दर उतरवले. केवळ मोबाइलवर पाहायचे तर महिन्याला १४९ रुपये. कोठेही, पण एकाच पडद्यावर पाहायचे तर १९९ (हाच दर पूर्वी ४९९ होता). दोन पडद्यांना ४९९ आणि चार पडद्यांना ६४९. वर्षाची वर्गणी एकदम भरण्याची सोय नाही, सगळा व्यवहार महिन्याचा. पुष्कळांना ही उणीव वाटते. मला तो त्यातला सर्वांत मोठा गुण वाटतो. का, ते पुढे येईलच.

ॲमेझॉनचे प्राइम व्हिडिओ त्याच वर्षी डिसेंबरात आले. पण त्याला चित्रपटांची वर्गणी म्हणणे तितकेसे बरोबर नाही. मुळात ती घरपोच मालाची वर्गणी. चित्रपट हे वाण्याने दिवाळीच्या किराण्याबरोबर दिलेल्या कॅलेंडरासारखे. वर्षाचे १,४९९ रुपये, महिन्याने भरू म्हणाल तर २९९. जून २०२५ पासून चित्रपटांच्या मध्ये जाहिराती येऊ लागल्या, आणि त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९. म्हणजे कॅलेंडर भिंतीवर लावल्यावर वाण्याचा मुलगा मधूनमधून त्याच्यापुढे येऊन उभा राहणार, आणि त्याने बाजूला व्हावे म्हणून आपण वेगळे पैसे मोजणार! ज्यांच्या दारात दर दोन दिवसांनी खोके येऊन पडते त्यांना ही वर्गणी परवडते. ज्यांच्याकडे तसे नाही त्यांनी केवळ चित्रपटांसाठी वर्षभराचे पैसे गुंतवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे वर्गणीवाचून एकेक चित्रपट भाड्यानेही मिळतो. पैसे भरल्यापासून तीस दिवसांत सुरू करायचा आणि सुरू केल्यावर अठ्ठेचाळीस तासांत संपवायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये आमिर खानने 'सितारे जमीन पर' हा चित्रपट यूट्यूबवर असाच शंभर रुपयांना लावला होता. पाच माणसांत शंभर रुपये! चित्रपटगृहात तेवढ्यात लाह्यांचा पुडाही येत नाही.

तिसरे जिओहॉटस्टार. हे नाव फेब्रुवारी २०२५ चे असले तरी घराणे जुने आहे. २०१५ साली क्रिकेटच्या विश्वचषकाच्या तोंडावर हॉटस्टार निघाले, २०२० मध्ये त्याची डिस्नेशी सोयरीक झाली, आणि मग जिओसिनेमाबरोबर ते एका नावाखाली नांदू लागले. नवे नाव घेतले तेव्हा मोबाइलपुरती वर्गणी तीन महिन्यांना १४९ होती. दोन उपकरणांसाठी तीन महिन्यांना २९९ किंवा वर्षाला ८९९. आणि चार उपकरणांसाठी वर्षाला १,४९९. या शेवटच्या वर्गणीत जाहिराती नाहीत, सामन्यांत मात्र आहेतच. क्रिकेटवेड्यांना येथे आल्यावाचून गत्यंतर नाही. पण आयपीएल चालते सुमारे दोन महिने, आणि त्याला तीन महिन्यांची वर्गणी पुरते, हे चिरंजिवांना पटवायला मला एक पूर्ण रविवार लागला. त्या रविवारीही सामना होताच. जाता जाता एक आनंदाची गोष्ट सांगतो. २०२३ च्या आयपीएलचे धावते वर्णन जिओसिनेमावर बारा भाषांत होते आणि त्यांत मराठी होती. वर्गात ज्या मुलांना मराठी क्रियापद चालवताना घाम फुटतो, ती मुले त्या दोन महिन्यांत बरी बोलत होती.

झी फाइव्ह आणि सोनी लिव्ह यांचा विचार मालिकांच्या बाजूने करावा. झी मराठीच्या मालिका पहिल्याकडे, सोनी मराठीच्या दुसऱ्याकडे, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारकडे, अशी ही वाटणी आहे. ज्या घरी केबल किंवा डिश आहे त्यांना याच मालिका ठरल्या वेळी दिसतातच. त्यासाठी दुसऱ्यांदा पैसे का भरावेत, हे आईने मला विचारले आणि मला उत्तर देता आले नाही.

आता थोडे गणित. नेटफ्लिक्सचे दोन पडदे वर्षभर ठेवले तर ५,९८८ रुपये होतात. त्यात प्राइमचे १,४९९ आणि जिओहॉटस्टारचे ८९९ मिळवले की बेरीज ८,३८६. हेच नेटफ्लिक्स वर्षातून तीन महिनेच घेतले (उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळी आणि नाताळ) तर १,४९७ लागतात आणि एकूण खर्च ३,८९५ वर येतो. चार हजार चारशे एक्क्याण्णव रुपये वाचले, आणि पाहायचे काही राहिले का? आमच्या घरी तरी नाही. नऊ महिन्यांत जे नवे आले ते चौथ्या फेरीत तसेच थांबलेले असते. महिन्याचा व्यवहार हा गुण आहे असे मी म्हणालो तो यासाठी.

मात्र यात एक पथ्य आहे. आमच्या शेजारच्या निवृत्त गृहस्थांचा मुलगा परदेशी गेला, पण त्याने घेतलेल्या एका वर्गणीचे पैसे वडिलांच्या खात्यातून सात महिने जात राहिले. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ऑक्टोबर २०२१ पासून असे पैसे जाण्यापूर्वी किमान चोवीस तास आधी सूचना यावी लागते. सूचना येतेही, पण कर्ज घ्या, विमा घ्या अशा पन्नास संदेशांच्या गर्दीत ती वाचतो कोण? आमच्या घरी सौ.ने यावर उपाय काढला आहे. ज्या दिवशी नेटफ्लिक्सचा महिना भरायचा त्याच दिवशी पुढचा रद्द करून टाकायचा. भरलेला महिना संपेपर्यंत सगळे दिसत राहते. पुन्हा हवे असेल तर पुन्हा भरावे. दुकान काही पळून जात नाही.

आता ज्या रकान्याविषयी मला खरे बोलायचे आहे तो : 'एका वेळी किती पडदे?' तक्ते मांडणारे सगळे जण येथे जितके अधिक तितके उत्तम असे धरून चालतात. आमच्याकडेही दोन पडदे होते, आणि बाकीच्या वर्गण्यांचे निराळे. एका शनिवारी रात्री मी उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. बाहेरच्या खोलीत आई मालिका पाहत होती. कन्या आतल्या खोलीत कानात यंत्रे घालून कोरियन कथेत बुडाली होती. चिरंजीव गॅलरीत मोबाइलवर सामना बघत होते आणि सौ.ने ओट्यावर डाळीच्या डब्याला फोन टेकवून काहीतरी लावले होते. घरात तीन वेळा हसू ऐकू आले. तीन खोल्यांतून, तीन निरनिराळ्या वेळी. कोण कशाला हसले हे कोणालाही ठाऊक नव्हते. मुंबईला १९७२ साली दूरदर्शन आले. पुढे माझ्या लहानपणी शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपट लागे, तेव्हा आमच्या दीड खोलीत शेजारचीही माणसे बसत. ते दिवस परत यावेत असे मी म्हणत नाही. त्या गर्दीत मला कधी पुढचे दिसले नाही. पण चार पडद्यांसाठी अधिक पैसे मोजायचे म्हणजे एकमेकांपासून दूर बसण्याचे भाडे भरायचे, असे मला त्या रात्री वाटले.

पुढच्या फेरीला आम्ही नेटफ्लिक्सचा १९९ रुपयांचा एकच पडदा घेतला. 'बाबा, याच्यात चित्र अंधुक दिसते,' अशी कन्येची तक्रार आली. ती खरी आहे. मोठ्या आकाराच्या दूरचित्रवाणीवर हा फरक जाणवतो, आमच्या छोट्या संचाला ते चित्र पुरते. पहिल्या आठवड्यात कोणी काय पाहायचे यावरून कडाक्याची भांडणे झाली. दुसऱ्या आठवड्यात पाळ्या ठरल्या. आई कोरियन मालिकेतल्या सासूला नावे ठेवू लागली आणि त्या पाहायला कन्येआधी येऊन बसू लागली. मोफतचा मार्ग तर जुलै २०२३ मध्येच बंद झाला. घराबाहेर कोणाला पासवर्ड देता येणार नाही असे नेटफ्लिक्सने भारतातही जाहीर केले, आणि मामा-मावश्यांच्या पासवर्डवर चाललेले कितीतरी संसार उघड्यावर आले.

वर्षाची वर्गणी घेताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपण दुकानाला पैसे देतो, मालाला नव्हे. एचबीओच्या मालिका हॉटस्टारवर होत्या, म्हणून ज्यांनी वर्षाचे पैसे भरले त्यांना त्या ३१ मार्च २०२३ नंतर तेथे दिसेनाशा झाल्या. मे महिन्यात त्या जिओसिनेमावर अवतरल्या, तेथे वर्षाला ९९९ रुपये. आणि पुढे दोन्ही दुकाने एकच झाली! ग्रंथालयाची वर्गणी भरून आणलेले पुस्तक अर्धे वाचून व्हायच्या आत शेजारच्या ग्रंथालयात उडून गेले, असे आपण कधी ऐकले होते काय?

मराठी रसिकाची तर याहून गंमत आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. 'पिकासो' त्याच वर्षी प्राइमवर. 'जून' प्लॅनेट मराठीवर. 'मानवत मर्डर्स' ही मालिका २०२४ मध्ये सोनी लिव्हवर. चार चांगल्या गोष्टी, चार दुकाने. बाकी भाषांचे प्रेक्षकही असे विखुरलेले आहेत हे खरे. पण ज्या दुकानात हिंदीच्या शेकडो गोष्टी आहेत तेथे हिंदी रसिकाची वर्गणी फिटते. एका मराठी चित्रपटासाठी महिना भरणाऱ्याने उरलेले एकोणतीस दिवस काय करावे?

आणि हे झाले नव्याचे. जुन्याचे काय? आईने गेल्या पावसाळ्यात राजाभाऊ परांजपे यांचा एक चित्रपट मागितला. तिने तो लग्नाआधी पाहिलेला. तेव्हा घरात ज्या वर्गण्या होत्या त्या सर्वांत कन्येने नाव देवनागरीत घालून पाहिले, रोमन अक्षरांत घालून पाहिले. दर वेळी 'हा नाही, पण हे पाहा' म्हणून मारामारीचे दहा चित्रपट पुढे आले. जुने चित्रपट जपण्यासाठी आपल्या पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. ते झाले नसते तर 'आलम आरा'सारखीच आणखी कित्येकांची फक्त नावे उरली असती. भारताच्या त्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज ज्ञात नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील चित्रपट महोत्सवात प्रसारभारतीने 'वेव्हज' सुरू केले, आणि त्यावर दूरदर्शनचा जुना ठेवा थोडाथोडा येऊ लागला आहे. तरी एखाद्या आजीला हवा तो चित्रपट हव्या त्या शनिवारी मिळणे अजून नशिबाचाच भाग आहे.

आईचा चित्रपट अखेर यूट्यूबवर सापडला, फुकट. कोणा वाहिनीवरून उतरवून घेतलेला, कोपऱ्यात तिची खूण, चित्र धुरकट. आम्ही पाचही जण बसलो. आई नटांच्या आधी वाक्ये म्हणत होती. मध्येच ती म्हणाली, "अगं, इथे गाणे होते." कोणीतरी ते कापून टाकलेले होते. कन्येने चित्रपट थांबवला, आपल्या फोनवर ते गाणे शोधून काढले, सगळ्यांना ऐकू जाईल असे लावले, आणि ते संपल्यावर चित्रपट पुढे सुरू केला.