दळणाची गोष्ट : भाग ७ – वॉशिंग्टन यांची पाणगिरणी

मागच्या रविवारी जात्याला टाकी का लावावी लागते, ते पाहिलं. आज तसलेच दगड, पण पाण्यावर फिरणारे.

अमेरिकेतल्या व्हर्जिनियात माउंट व्हर्नन इथं जॉर्ज वॉशिंग्टन यांची मोठी शेती होती. १७६०च्या दशकात त्यांनी तंबाखू सोडून गहू धरला. तंबाखूनं जमिनीचा कस गेला होता आणि लंडनच्या अडत्यांचं देणंही वाढत होतं. गव्हापेक्षा पिठात चार पैसे जास्त सुटतात, हा साधा हिशेब. १७७१ मध्ये डोग रन ओढ्यावर त्यांची दगडी गिरणी उभी राहिली. सोळा फुटी पाणचक्र इमारतीच्या आतच बसवलेलं, म्हणजे थंडीत ते गोठायला नको. दगडांच्या जोड्या दोन. एकीवर आसपासच्या शेतकऱ्यांचा मका दळला जाई. दळणावळ रोख नव्हे, धान्याचा आठवा हिस्सा. दुसरी जोडी फ्रान्सहून आणलेल्या गारगोटीसारख्या कठीण दगडाची. तिच्यावरचं बारीक पांढरं पीठ पिंपांत भरून वेस्ट इंडीजपर्यंत जात असे.

पण या गिरणीचं खरं नवल वीस वर्षांनी आलं. ऑलिव्हर इव्हान्स नावाच्या कारागिरानं अशी रचना शोधली होती की पोतं एकदा ओतलं की पिंप भरेपर्यंत धान्याला हात लावायला नको. चामडी पट्ट्यावरच्या छोट्या डब्यांची माळ धान्य माळ्यावर चढवते. तिथून ते घसरत दगडांत उतरतं. दळलेलं पीठ गरम आणि दमट असतं, तसंच भरलं तर आंबतं. म्हणून ते पुन्हा वर जातं. तिथं फिरणारं लाकडी दाताळं ते पसरून गार करत करत मधल्या भोकाकडे ढकलतं. खाली रेशमी कापडाची गोल फिरती चाळणी मैदा, जाडं पीठ आणि कोंडा वेगळा करते. सगळ्याला ताकद एकाच पाणचक्राची. दाताळ्याचं काम पूर्वी एक पोऱ्या दिवसभर पिठाच्या धुळीत उभा राहून करायचा. इव्हान्सला १७९० मध्ये मिळालेलं पेटंट अमेरिकेतलं तिसरं. त्यावर राष्ट्राध्यक्ष म्हणून सही वॉशिंग्टन यांची, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ही यंत्रणा स्वतःच्या गिरणीत बसवून घेतली. गिऱ्हाईक म्हणून माणूस चोख!

यंत्रानं हात वाचवले; पण ज्यांचे हात, त्यांना त्याचं काही मिळालं नाही. गहू पेरणारे, कापणारे, पिठाची पिंपं घडवणारे लोक गुलाम होते. १७९९ साली माउंट व्हर्ननवर असे ३१७ जण होते.

वॉशिंग्टन यांच्यानंतर पन्नासेक वर्षांत गिरणी ढासळली. त्यांच्या द्विशताब्दीच्या निमित्तानं १९३२ मध्ये व्हर्जिनिया राज्यानं ती जागा घेऊन जुन्या पायावर इमारत पुन्हा बांधली. आतली यंत्रं मात्र फ्रंट रॉयल भागातल्या दुसऱ्याच एका जुन्या गिरणीची. म्हणजे भिंती नव्या, चाकं परक्याची. मला यात फसवणूक वाटत नाही. गिरणी दळत असेल तर ती गिरणी. नुसत्या अस्सल भिंती म्हणजे कोठार.

इथंच शेतकरी मुलांचा प्रवेश होतो. शाळेत शेती शिकणाऱ्या मुलांची 'फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका' ही संघटना १९२८ मध्ये स्थापन झाली. १९३९ मध्ये तिनं एकेकाळी वॉशिंग्टन यांच्याच मालकीची असलेली साडेअठ्ठावीस एकर जमीन घेतली. तिथं तिचं राष्ट्रीय शिबिर भरू लागलं आणि पुढे मुख्यालयही तिथंच झालं. ते १९९८ मध्ये इंडियानापोलिसला गेलं. गिरणीच्या देखभालीतही संघटनेनं काही वर्षं हात दिला. शेतकऱ्यांच्या पोरांनी गव्हाचं पुढे काय होतं ते डोळ्यांनी बघावं, यासाठी याहून चांगली जागा कुठली? पण एक गोष्ट सांगायलाच हवी. दक्षिणेतल्या काळ्या शेतकरी मुलांची संघटना तेव्हा वेगळी होती. १९६५ मध्ये ती या संघटनेत विलीन झाली. मुलींना पूर्ण सदस्यत्व मिळालं १९६९ मध्ये.

आज गिरणी माउंट व्हर्ननच्या संग्रहालयाकडे आहे. इव्हान्सची यंत्रणा नव्यानं बसवली आहे, दळण सुरू आहे आणि पीठ विकायलाही असतं. गिरणी मुख्य वाड्यापासून तीन मैलांवर, म्हणून बरेच पर्यटक वाडा बघून परततात. वॉशिंग्टन परिसरातल्या मराठी वाचकांनी तसं करू नये. मुलांना घेऊन जा, उघडण्याचे दिवस आधी विचारून घ्या आणि माळ्यावरचं दाताळं चुकवू नका. पुढच्या रविवारी दगडांना घरी बसवणारे पोलादी रूळ.